ज्याची माती, त्याचं चित्र

मागच्या अंकात मी ऑस्ट्रेलियातले आदिवासी चित्रकार रोव्हर थॉमस यांच्या ‘सायक्लोन ट्रेसी’ या १९९१ सालच्या चित्राबद्दल लिहिलं होतं. तो अंक हुकलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. कॅनव्हासवर एक भला मोठा काळा आकार पसरलेला, त्याला येऊन मिळणारे तांबूस आणि पिवळट पट्टे, कडेकडेने पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, आणि हे सगळं मातीच्या रंगांत. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला किंबर्ली नावाचा प्रदेश आहे. त्याच्या पूर्व भागातल्या वार्मुन या लहानशा वस्तीत ही चित्रपरंपरा उभी राहिली. त्या लेखावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, फक्त गावं देते.

नवीन वाचकांसाठी माझ्याबद्दलही एक ओळ. मी मूळची रत्नागिरीची. गेली बावीस वर्षं पर्थमध्ये आहे आणि जुन्या चित्रांची डागडुजी करते. वार्मुनला तीनदा जाऊन आले आहे.

प्रश्न (कोल्हापूर, चित्रकला शिक्षक): तुम्ही याला निसर्गचित्र म्हणता. पण समोर दिसणारं काहीच त्यात नाही. आभाळ नाही, झाड नाही, क्षितिजाची रेघही नाही. मग मुलांना हे निसर्गचित्र म्हणून कसं दाखवायचं?

सर, तुमच्या पत्रातल्या ‘समोर’ या शब्दापाशी मी थांबले. शाळेत आपण सगळ्यांनी काढलेलं निसर्गचित्र आठवा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. काढणारा एका जागी उभा आणि निसर्ग त्याच्या पुढ्यात. वार्मुनचा चित्रकार असा पुढ्यात उभा राहत नाही. तो त्या जमिनीवरून आयुष्यभर चाललेला असतो आणि चालताना पायांना जे कळलं ते चित्रात उतरतं.

रोव्हर थॉमस यांचा जन्म १९२६ च्या सुमाराचा. वाळवंटातून गुरं हाकत न्यायची ‘कॅनिंग स्टॉक रूट’ नावाची वाट आहे, तिच्यावरच्या तेहतीस नंबरच्या विहिरीजवळ ते जन्मले. पुढे कित्येक वर्षं त्यांनी घोड्यावर बसून गुरं राखली. इथे गुरांच्या अफाट कुरणांना ‘स्टेशन’ म्हणतात. एकेका स्टेशनात आपला एखादा तालुका सहज मावेल. कुठल्या ओढ्याला कधी पाणी येतं, कुठली टेकडी कुठल्या बाजूने चढता येते, हे त्या माणसाला आपल्या अंगणासारखं पाठ होतं.

पण चित्र वरून का दिसतं, याचं उत्तर माझ्या मते दुसरीकडे आहे. १९७४ च्या नाताळच्या पहाटे ‘ट्रेसी’ नावाच्या चक्रीवादळाने डार्विन शहर झोपवलं. बहुतेक घरं पडली, ६६ माणसं गेली. त्याच सुमारास रोव्हर यांच्या नात्यातली, त्यांना आईच्या जागी असलेली एक बाई वार्मुनजवळ मोटार अपघातात जबर जखमी झाली. विमानाने दवाखान्यात नेत असताना डर्बी गावापलीकडच्या समुद्रावर तिने प्राण सोडला. खाली पाण्यात भोवरा होता, आणि त्या भोवऱ्यात इंद्रधनुषी सर्पाचं ठाणं आहे अशी तिथली श्रद्धा आहे. पुढे तिचा आत्मा रोव्हर यांच्याकडे आला. समुद्रावरून परत आपल्या मुलखात येताना वाटेत कुठली कुठली ठिकाणं लागली, तिथे कोण भेटलं, हे तिने त्यांना गाण्यांतून सांगितलं. प्रवासाच्या शेवटी कुनुनुरा गावाहून तिला दूरवर डार्विन दिसलं. इंद्रधनुषी सर्प ते शहर उद्ध्वस्त करत होता.

त्या गाण्यांचा एक नाच झाला. त्याचं नाव ‘गुरिर गुरिर’. नाचणारे खांद्यावर रंगवलेल्या फळ्या घेऊन पुढे येत आणि प्रत्येक फळीवर त्या प्रवासातलं एकेक ठिकाण असे. सुरुवातीला फळ्या रोव्हर यांचे मामा पॅडी जामिन्जी रंगवत. रोव्हर फक्त काय हवं ते सांगत. स्वतः हातात रंग त्यांनी १९८० च्या दशकात घेतला आणि १९९० साली ते व्हेनिसच्या ‘बिएनाले’ या मोठ्या कलाप्रदर्शनात ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी म्हणून गेले.

त्यामुळे मुलांना हे चित्र घरी परत निघालेल्या त्या बाईच्या वाटेचं म्हणून दाखवा. वाट वरूनच दिसते. आणि एक करून बघा. कागद भिंतीवर न लावता जमिनीवर अंथरा, मुलांना चारी बाजूंनी बसवा आणि घरापासून शाळेपर्यंतची वाट काढायला सांगा. वार्मुनलाही कॅनव्हास आडवाच ठेवलेला मी पाहिला. चित्रकर्ती एका कडेला बसते, मग उठून दुसऱ्या कडेला जाते. वर-खाली असं काही तिथे उरत नाही.

सगळीच चित्रं वरून पाहिलेली असतात असंही नाही. त्याच वस्तीतल्या क्वीनी मॅकेन्झी यांनी टेकड्या समोरून काढल्या. गोल माथ्यांच्या, एकीला चिकटून दुसरी, पंगतीला बसल्यासारख्या. जवळच पुर्नुलुलुचे डोंगर आहेत. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे घुमट आणि त्यांच्यावर नारिंगी-काळे आडवे पट्टे. नारिंगी आहे तो लोहाचा गंज. गडद पट्टे सूक्ष्म जीवांच्या पातळ थराचे. हे डोंगर पाहिल्यावर क्वीनीबाईंची चित्रं कल्पनेतली वाटत नाहीत.

प्रश्न (पुणे): ऑस्ट्रेलियाची आदिवासी चित्रं म्हणजे झगझगीत रंगांचे हजारो ठिपके, असं मला वाटायचं. ही मातकट चित्रं वेगळी आहेत का?

हो, वेगळी आहेत. तुम्ही म्हणता ती शैली मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली. पापुन्या वस्तीत १९७१ साली तिची सुरुवात झाली आणि तिथे लवकरच ॲक्रिलिक रंग आले, म्हणून ती झगमगते. पूर्व किंबर्लीतल्या आणि उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधल्या चित्रकारांनी मातीचा रंग सोडला नाही. या खंडावर अडीचशेच्या वर भाषा बोलल्या जात. काश्मीरच्या गालिच्यावरून पैठणीबद्दल बोलावं तसंच हे होतं.

वार्मुनची भाषा गिजा. तिच्यात सृष्टीच्या आरंभकाळाला, आणि आजही चालू असलेल्या त्या काळाच्या नियमाला, ‘ङरङ्गार्नी’ म्हणतात. आपण बाराखडीच्या आधी ‘ङ’ घोकतो आणि मग जन्मभर तो शब्दाच्या सुरुवातीला कधी भेटत नाही. इथे भेटला तेव्हा मला फार आनंद झाला होता.

प्रश्न (कुडाळ, वय ७४): आमच्याकडे आई तुळशीवृंदावनाला काव लावायची. काव आणायची डोंगरातली जागा ठरलेली होती, दुसरीकडची तिला चालत नसे. तिथले लोक रंगाची माती कुठून आणतात? कुणीही कुठूनही आणली तर चालते का?

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमच्या आईला जे ठाऊक होतं, त्यावरच ही चित्रं उभी आहेत.

रंग मोजके. तांबडा म्हणजे आपली काव किंवा गेरू. पिवळा म्हणजे पिवडी. दोन्ही लोहाचीच रूपं. पांढरा मऊ पांढऱ्या मातीचा. काळा कोळशाचा, कधी मँगेनीजच्या दगडाचा. दगड फोडायचा, सपाट दगडावर दुसऱ्या दगडाने घासायचा, पाणी आणि चिकट घालून कालवायचा. पहिल्यांदा वार्मुनला गेले तेव्हा एक म्हातारी बाई पिवळा दगड घासत बसली होती. दगडाचा आवाज पाट्या-वरवंट्यासारखाच, पण कोरडा. मी विचारलं, हा कुठला? तिने ओठ पुढे काढून एका दिशेला इशारा केला. तिकडे बोट दाखवत नाहीत, ओठांनी दाखवतात. गावाचं नाव सांगितलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. ती जागा कुणाची, तिथे जायचं तर कुणाला विचारून जायचं, हे तिच्या घरात ठरलेलं होतं. मला ते कळण्याचं कारण नव्हतं.

पर्थच्या ईशान्येला, वेल्ड रेंजच्या डोंगरात, वाजारी लोकांच्या मुलखात ‘विल्गी मिया’ नावाची काव काढायची खाण आहे. हजारो वर्षं डोंगर पोखरून लोकांनी तिथून काव नेली आणि ती दूरदूरच्या मुलखांत देवाणघेवाणीत गेली. तिथली कथा अशी की, आद्यकाळी एक मोठा तांबडा कांगारू भाला लागून तिथे पडला. त्याचं रक्त म्हणजे तांबडी काव, यकृत म्हणजे पिवळी, पित्त म्हणजे हिरवी. असा दगड खिशात टाकून आणता येत नाही. माणूस कावेचा वापर तरी किती जुना करतो म्हणाल, तर उत्तरेकडच्या माजेदबेबे या कातळाश्रयात घासलेली काव आणि घासायचे दगड सापडले आहेत, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या थरांचं वय सुमारे ६५,००० वर्षं आलं.

आता ‘कुणीही आणली तर चालते का’ याबद्दल. चालत नाही. नुसती मातीच नव्हे, ठिकाणही वाटेल त्याने रंगवायचं नसतं. ज्याचा त्या जमिनीशी आईकडून, बापाकडून किंवा जन्मस्थानाकडून संबंध आहे, त्यालाच ती जमीन रंगवायचा हक्क. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो. या लोकांकडे कागद नव्हता, पण गाणं, नाच आणि चित्र होतं. १९६३ साली आर्नहेम लँडमधल्या यिरकाला इथल्या योल्ङू लोकांनी बॉक्साइटच्या खाणीसाठी जमीन काढून घेण्याविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या संसदेला अर्ज पाठवले. मजकूर टंकलिखित, स्वतःच्या भाषेत आणि इंग्रजीत. तो डकवला झाडाच्या सालीवर आणि भोवती मातीच्या रंगांनी आपल्या कुळांची चित्रं काढली. संसदेतल्या लोकांना ती नक्षीची चौकट वाटली असेल. अर्ज करणाऱ्यांच्या लेखी मालकीचा पुरावा त्या चौकटीतच होता. खाण थांबली नाही. पण ते अर्ज आज कॅनबेराच्या संसदभवनात मांडलेले आहेत आणि जमिनीच्या हक्काच्या लढ्याची सुरुवात सांगताना लोक तिथपासूनच सांगतात.

तुमच्या आईंची काव आणायची जागा तुम्हाला अजून माहीत असेल, तर घरातल्या मुलांना दाखवून ठेवा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): अजिंठ्यातही मातीचेच रंग आहेत आणि ते झडताना आम्ही पाहतो. कॅनव्हासवरची माती टिकते का? तुम्ही डागडुजी करता म्हणून विचारतो.

झडते. सुरुवातीच्या फळ्या तर फारच झडल्या. पॅडी जामिन्जी आणि त्यांच्या सोबत्यांनी मिळेल त्यावर रंगवलं. बांधकामाचं उरलेलं प्लायवुड, टाकून दिलेल्या फळ्या. चिकट म्हणून झाडाचा डिंक. शिवाय फळ्या नाचासाठी होत्या. खांद्यावर घेऊन नाचायचं, घाम लागायचा, कडा घासायच्या, रंग गेला की पुन्हा लावायचा. पन्नास वर्षांनी कुणी काचेच्या पेटीत ठेवील हा विचारच त्यात नव्हता. पुढे पांढरा सिंथेटिक गोंद आणि ॲक्रिलिकचं माध्यम वापरात आलं तेव्हा रंग बराच धरू लागला.

या चित्रांचा पृष्ठभाग कोरडा असतो, अजिबात चमक नाही. तिरपा प्रकाश टाकला की बारीक रेव दिसते. कुठे दगडाचा न फुटलेला कण, कुठे बोटाने पुसल्याची खूण. तेलरंग प्रकाश परत फेकतो. हा तो पिऊन टाकतो. म्हणून छायाचित्रात ही चित्रं सपाट वाटतात. प्रत्यक्षात मात्र लिंपलेल्या भिंतीसारखी भासतात.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाकडे असं चित्र असेल तर उपयोग होईल. सुरुवातीच्या काळात एका खाजगी संग्रहातलं छोटं चित्र माझ्याकडे धूळ झाडायला आलं. कोपऱ्यात एक डाग होता. तेलचित्राला करतात तसा मी कापसाचा बोळा किंचित ओला केला आणि एकदाच, हलक्या हाताने, टेकवला. बोळा तांबडा झाला. डाग तिथेच होता, त्याच्या शेजारची टेकडी कापसावर आली होती. मालकांना मी त्याच दिवशी कळवलं. ती जागा पुन्हा रंगवावी असं ते म्हणाले, पण मी नाही म्हटलं. माझ्याकडची काव त्या टेकडीची नव्हती. त्या चित्राला आजही तिथे नखाएवढी फिकट जागा आहे. तेव्हा पाणी नको, वॉर्निश तर मुळीच नको. मऊ कोरडा ब्रश, आणि चित्र भिंतीवर लावायचं तर पृष्ठभागाला न टेकणारी काच.

मार्च २०११ मध्ये वार्मुनला टर्की क्रीक या ओढ्याचा पूर आला आणि वस्ती धुऊन गेली. कलाकेंद्रात पाणी शिरलं, चित्रं वाहून गेली. वस्तीच्या मालकीचा जुना संग्रह, ज्यात नाचाच्या फळ्याही होत्या, चिखलातून काढून मेलबर्न विद्यापीठातल्या संवर्धकांकडे नेला गेला. चिखलाने भिजलेलं मातीचं चित्र स्वच्छ करायचं, म्हणजे एक माती काढायची आणि दुसरी ठेवायची. आमच्या धंद्यात याहून अवघड काम मला सांगता येणार नाही. संग्रह दुरुस्त होऊन आपल्या गावी परत गेला.

प्रश्न (नागपूर): ही चित्रं मी इंटरनेटवर पाहिली. फार शांत, ध्यानाला बसल्यासारखं वाटतं. तुम्हालाही तसंच वाटतं का?

काही चित्रांपुढे वाटतं. पण चित्राचं नाव वाचल्याशिवाय शांत होऊ नका, एवढी विनंती.

रोव्हर थॉमस यांनी १९९० च्या सुमारास काही चित्रं केली त्यांची नावं ‘बेडफर्ड डाउन्स’, ‘रुबी प्लेन्स’ अशी आहेत. तपकिरी जमीन, दोन-तीन आकार, ठिपके. बेडफर्ड डाउन्स या स्टेशनावर, गिजा लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले त्याप्रमाणे, बैल मारल्याच्या आरोपावरून पकडलेल्या माणसांना लाकडं तोडायला लावली, मग विष घातलेलं जेवण दिलं आणि त्यांनीच तोडलेल्या लाकडांवर त्यांना जाळलं. क्वीनी मॅकेन्झी यांनी मिस्टेक क्रीकच्या हत्याकांडावर चित्र काढलं. राष्ट्रीय संग्रहालयाने ते २००५ साली विकत घेतलं, पण त्यावरून इतका वाद झाला की प्रेक्षकांपुढे यायला २०२० उजाडलं.

क्वीनीबाईंबद्दल आणखी एक. त्यांचे वडील गोरे, आई आदिवासी. अशा गोरट्या मुलांना सरकारी माणसं आईपासून तोडून नेत. पोलीस येताहेत अशी कुणकुण लागली की त्यांची आई त्यांच्या अंगाला कोळसा चोळायची, म्हणजे मूल काळं दिसावं. तेवढ्यामुळे त्या आईजवळ राहिल्या. पुढे स्टेशनावर स्वयंपाकीण झाल्या. घोड्याने तुडवून रोव्हर यांच्या डोक्याची कातडी सोलवटली, तेव्हा ती सुईदोऱ्याने शिवून त्यांचा जीव वाचवणाऱ्या याच. उतारवयात त्यांनी चित्रं काढायला घेतली आणि पांढऱ्यात तांबडा मिसळून असे गुलाबी, जांभळट रंग काढले की आजही वार्मुनच्या टेकड्यांचा तो गुलाबी दिसला की त्यांचंच नाव निघतं. त्यांच्या चित्रांतला काळा मात्र कोळशाचाच. मी तो बघते तेव्हा मला ती आई दिसते.

१९६८ नंतर गुराख्यांना गोऱ्यांइतकी मजुरी द्यायचा नियम लागू झाला, तेव्हा अनेक मालकांनी त्यांना कुटुंबांसकट हाकलून दिलं. वार्मुन वाढलं ते अशा माणसांनी. ज्या जमिनीवर जायला बंदी झाली ती त्यांनी फळीवर रंगवली.

प्रश्न (मुंबई): माझे वडील ऑपेरा हाउसच्या हिरेबाजारात वर्गीकरणाचं काम करत. ‘आर्गाइल’ हा शब्द आमच्या घरात रोजचा होता, आणि ‘किंबर्ली’ही. ते किंबर्ली हेच का?

किंबर्ली नावाची दोन ठिकाणं हिऱ्यांशी जोडलेली आहेत. दक्षिण आफ्रिकेतलं शहर वेगळं, हा ऑस्ट्रेलियातला प्रदेश वेगळा. दोन्हींना एकाच इंग्रज लॉर्डाचं नाव मिळालं. पण आर्गाइल मात्र इथलंच, वार्मुनच्या उत्तरेला. तिथली मोठी खाण १९८५ साली सुरू झाली आणि २०२० मध्ये बंद झाली. खडे बहुतेक बारीक आणि तपकिरी. युरोपात त्यांना पैलू पाडणं परवडत नसे. ते सुरतेत आणि मुंबईत आले आणि त्यावर कितीतरी घरं चालली, त्यात तुमचंही.

आता गिजा लोक त्या जागेबद्दल काय सांगतात ते ऐका. आद्यकाळी दायवुल, म्हणजे बारामुंडी मासा, ओढ्यातून पळत होता. बायकांनी स्पिनिफेक्स गवताचं जाळं करून त्याला अडवलं. तो उसळी मारून दगडांवरून निसटला, पण त्याचे खवले मागे सांडले. ते खवले म्हणजे हिरे. खाणीने ज्या डोंगराचा खड्डा केला तो डोंगर या कथेतलाच.

लेना न्याडबी या चित्रकर्तीच्या आईचा मुलूख तोच. त्यांनी हे खवले वारंवार रंगवले. कोळशाच्या काळ्यावर पांढऱ्या मातीचे लहान लहान आकार, रांगांमागून रांगा. २०१३ साली त्यांचं एक चित्र अनेक पटींनी मोठं करून पॅरिसच्या के ब्रानली संग्रहालयाच्या छपरावर, सुमारे ७०० चौरस मीटर जागेवर, रंगवलं गेलं. खालून ते दिसत नाही. आयफेल टॉवरवर चढलं की दिसतं.

तुमच्या वडिलांनी चिमट्यात धरून भिंगातून पाहिलेले ते तपकिरी खडे, आणि पॅरिसच्या छपरावरचे हे खवले, एकाच माशाचे. ते हयात असतील तर त्यांना हे नक्की सांगा.

प्रश्न (नाशिक): मी वारली शिकले आहे आणि घरगुती सजावटीच्या वस्तू विकते. मातीच्या रंगात ‘अ‍ॅबोरिजिनल स्टाइल’च्या फ्रेम करून विकल्या तर चालतील का? आणि मातीचा रंग घरी कसा करायचा?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’. कायद्याचा भाग बाजूला ठेवू. तू वारली शिकलीस म्हणजे तुला कळेल. जिव्या सोमा मशे यांनी आयुष्यभर जे घडवलं, त्याची नक्कल सिडनीतल्या कारखान्यात होऊन ‘वारली स्टाइल’ म्हणून विकली गेली तर तुला कसं वाटेल? इथे ते रोज होतं. ऑस्ट्रेलियाच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये पाहणी केली, तेव्हा आदिवासी शैलीच्या स्मरणवस्तूंपैकी दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश वस्तू खऱ्या आदिवासी कलाकारांच्या नसल्याचं दिसलं. मीसुद्धा पहिल्या वर्षी आईला पाठवायला एका पर्यटकी दुकानातून रंगवलेलं बूमरँग घेतलं होतं. घरी येऊन वेष्टन काढलं तर आतल्या चिठ्ठीवर भलत्याच देशाचं नाव. ते मी पाठवलं नाही. कुणाला खरं चित्र घ्यायचंच असेल तर वार्मुनसारख्या, कलाकारांच्या स्वतःच्या मालकीच्या केंद्रातून घ्यावं. सोबत चित्रकाराचं नाव, मुलूख आणि चित्राची कथा लिहिलेला कागद मिळतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी अगदी मनापासून देते, कारण नाशिकला माती काय कमी आहे? शेतातली काळी माती नको, ती वाळली की भेगाळते. घाटात कातळ कापलेला असतो तिथे दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबडा पट्टा दिसतो. कुणाच्या मालकीची जागा असेल तर विचारून, ओंजळभर पुरे. ती पाण्यात भिजव, ढवळ, दहा अंक मोज आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओत. खाली राहते ती वाळू, ती टाक. गढूळ पाणी रात्रभर ठेव. सकाळी वरचं स्वच्छ पाणी निथळलं की तळाशी सायीसारखा लगदा असतो. तो ताटलीत वाळव, खलात कुट, वस्त्रगाळ कर. कुटताना नाकाला फडकं बांध, ही धूळ छातीला चांगली नाही. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळून घे आणि थोडा थोडा घालत जा. वाळल्यावर बोट फिरवून बघ. बोटाला रंग आला तर डिंक कमी, चमक आली किंवा भेगा पडल्या तर जास्त.

आणि पिवळी माती मिळाली तर हे एकदा करच. स्वयंपाकाला पुन्हा वापरायचा नाही असा जुना लोखंडी तवा घे, खिडक्या उघड, कोरडी पूड पातळ पसर आणि मोठ्या आचेवर ठेव. पिवळ्या मातीतल्या लोहाच्या कणांत पाणी बांधलेलं असतं. अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास ते सुटतं आणि पिवडीची काव होते. आधी कडा बदामी होतात, मग नारिंगी, मग एकदम विटकरी. दर मिनिटाला चिमूटभर काढून कागदावर ओळीने ठेवत गेलीस तर एकाच मुठीतून सहा-सात रंग मिळतील. पूड सतत हलवत राहा, खालचा थर आधी भाजतो. तवा उतरवल्यावरही रंग थोडा पुढे जातो, म्हणून हवा त्याच्या जरा आधीच गॅस बंद कर.